खाडा

त्या दिवशी मी फक्त हात झटकला होता.

लक्सरला नाईलच्या पश्चिमेला, बोडक्या डोंगराच्या कुशीत देर अल-मदिना नावाच्या जुन्या वस्तीचे अवशेष आहेत. कुठे गुडघ्याएवढ्या, कुठे छातीएवढ्या भिंती, मधून एक अरुंद बोळ, आणि वर आभाळात ढगाचं नाव नाही. पायाखालचा खडा सरकला म्हणून तोल सावरायला मी एका भिंतीवर हात टेकला. राखणदार लांबून ओरडला, मी ओशाळून हात काढून घेतला. तळव्याला मळकट माती लागली होती आणि त्या मातीत बोटाच्या पेराएवढी एक पिवळट काडी होती. मी हात झटकला, उरलेली माती कुर्त्याला पुसली आणि बसकडे निघाले. सहलीच्या व्यवस्थापकानं उतरतानाच बजावलं होतं, "इथे बघण्यासारखं विशेष काही नाही. कामगारांची वस्ती होती नुसती. दहा मिनिटांत सगळे परत या." दहा मिनिटं संपत आली होती.

बसमध्ये बसून पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि घोट तसाच तोंडात राहिला. ती काडी भुसकटाची होती. कच्च्या विटेला तडे जाऊ नयेत म्हणून चिखलात भुसकट घालतात, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. साताऱ्याकडच्या आमच्या गावी आजी परड्यात चिखल तुडवायची. मी तिच्या मागे मागे, घोट्यापर्यंत गार चिखलात, आणि ती वरून मूठ मूठ भुसकट पेरायची. "ह्ये नसलं तर भित हुबी ऱ्हात न्हाय बाय," म्हणायची. तेच भुसकट, कदाचित सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी पायाखाली तुडवलेलं, मी अंगावरची धूळ झटकावी तसं झटकून टाकलं होतं. शेजारी धाकटी बहीण बसली होती. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं ताई, नंतरच्या डागडुजीतली वीट असेल ती." असेलही. पण जिवाला लागलं ते लागलंच. काडीपेक्षाही 'कामगारांची वस्ती नुसती' हे शब्द जास्त लागले. आम्ही दोघी लालबागच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढलेल्या.

राजांच्या वैभवाकडे पाठ फिरवावी असं मला मुळीच वाटत नाही. कर्नाकच्या १३४ खांबांच्या मंडपात मान वर करून फिरताना माझे डोळे भरून आले होते. मेदिनेत हाबूला तिसऱ्या रामसेसच्या मंदिरातली चित्रलिपी इतकी खोल कोरलेली आहे की एकेका अक्षरात बोटं बुडतील. सकाळचं तिरपं ऊन त्या खाचांत शिरतं आणि भिंतभर सावल्यांचं लिखाण उमटतं. हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस 'कशाला एवढा खटाटोप' असं म्हणूच शकत नाही. पण सगळ्या प्रवासात मी सर्वांत जास्त वेळ उभी राहिले ती राजांच्या दरीत, होरेमहेब राजाच्या थडग्यात, आणि तिथेही पूर्ण झालेल्या चित्रांपुढे नाही.

तिथल्या शवपेटीच्या दालनात काम अर्धवट राहिलेलं आहे. भिंतीवर लाल रेषांनी काढलेल्या आकृत्या, आणि त्या लाल रेषांवर काळ्या रेषेनं केलेल्या दुरुस्त्या. हाताखालच्या चित्रकारानं लाल रंगात काढायचं, मग उस्तादानं काळी रेघ घेऊन ते सुधारायचं, मग कोरणाऱ्यानं त्या काळ्या रेषेवरून छिन्नी चालवायची आणि शेवटी रंगाऱ्यानं रंग भरायचा. या चारी अवस्था एकाच दालनात शेजारी शेजारी दिसतात. कुठे नुसती रेघ, कुठे निम्मं कोरलेलं, बाकी दगड कोराच. काळी रेघ लालपेक्षा किंचित सरकलेली असते, केसाएवढा फरक, पण त्या फरकानं आकृतीचा खांदा सैल होतो, पाऊल जमिनीवर टेकतं. मास्तरांनी विद्यार्थ्याच्या हातातली पेन्सिल घेऊन गिरवून दाखवावं, तसं ते. मग राजा मेला. मृतदेहाला मीठमसाले लावून गुंडाळायचे साधारण ७० दिवस, तेवढ्यात जे होईल ते होईल. नंतर दार बंद. ज्यानं ती शेवटची रेघ ओढली तो ब्रश खाली ठेवून डोंगर उतरून घरी गेला असणार.

तो घरी गेला म्हणजे कुठे गेला, तर त्याच दहा मिनिटांच्या वस्तीत.

परत आल्यावर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. राजांच्या दरीतली थडगी ज्यांनी खोदली, कोरली, रंगवली त्यांची ही वस्ती. दगडफोडे, चित्रकार, लेखनिक, सुतार, सगळे कुटुंबकबिल्यासह इथे राहत. जुन्या कोटाच्या विटांवर पहिल्या थुतमोस राजाच्या नावाचा शिक्का आहे, म्हणजे सुरुवात इसवी सनापूर्वी १५०० च्या आसपासची, आणि पुढे चारशेहून अधिक वर्षं पिढ्यान्‌पिढ्या तीच घरं, तेच काम. भरभराटीच्या काळात कोटाच्या आत ६८ च्या आसपास घरं होती. एकाला एक लागून, भिंतीला भिंत, मधे एकच गल्ली. घरात शिरलं की पुढची खोली, तिथे कोपऱ्यात विटांचा चौथरा, मग एका खांबावर तोललेली मधली खोली, बसायला ओटा, मागे चूल आणि भट्टी, वर गच्चीकडे जिना, खाली तळघर. खोलीतून खोलीत, एकामागे एक. आमच्या चाळीचा नकाशा मी डोळे मिटून काढू शकते, तसा याचाही आता काढता येईल. पाणी मात्र वस्तीत नव्हतं. ते खालून, नदीकाठच्या हिरव्या पट्ट्यातून गाढवांच्या पाठीवर यायचं, रोज. पाण्यासाठी वस्तीबाहेर एक प्रचंड खड्डा खणला गेला, सुमारे ५० मीटर खोल. पाणी लागलं नाही. पहाटे चार वाजता नळावर लागलेल्या हंडे-कळशांच्या ओळीत मी लहानपणी पेंगत उभी राहिलेली आहे, त्यामुळे त्या कोरड्या खड्ड्याच्या काठावरची माणसं मला अगदी समोर दिसतात.

या कामगारांचा एक हुद्दा होता, सेजेम-अश. भाषांतरात 'सेवक' लिहितात, पण शब्दाचा सरळ अर्थ आहे 'हाक ऐकणारा'. 'सत्याच्या स्थानी हाक ऐकणारा', असं ते स्वतःच्या नावापुढे अभिमानानं लिहून घेत. हा अर्थ वाचला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्या कानात भोंगा वाजला. आमच्याकडे घड्याळ उशिरा आलं. दिवस सुरू व्हायचा तो गिरणीच्या भोंग्यावर. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आप्पा अंधारात चपला शोधत, आणि जिना उतरणाऱ्या शंभर पायांचा आवाज चाळ हलवून सोडे. आप्पा साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. पाळी संपवून येत तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या मागे, मनगटाच्या केसांत कापसाचं तूस बसलेलं असे. आई दारातच अडवायची, "बाहेर झटकून या." ते गॅलरीत उभे राहून सदरा झटकत आणि संध्याकाळच्या उन्हात ते पांढरं तूस तरंगत खाली जाई. आम्हा पोरींना तो पाऊस वाटे. त्यांच्या खोकल्याशी त्याचा संबंध आहे हे कळायला मला फार वर्षं लागली.

देर अल-मदिनाच्या माणसांचे डोळे जात. चुनखडीचा भुगा आणि वातींच्या उजेडात कोंडलेलं भुयार. तिथल्या नेफेराबू नावाच्या माणसानं एका शिळेवर कबुली कोरून घेतली आहे की, मी प्ताह देवाची खोटी शपथ घेतली म्हणून त्यानं मला भर दिवसा अंधार दाखवला. ते अंधत्व त्याला स्वतःचं पाप वाटलं. वस्तीच्या डोक्यावर जो पिरॅमिडसारखा सुळका आहे, तिथे मेरेतसेगेर नावाची नागदेवता राहते असं ते मानत. तिच्या नावाचा अर्थ 'जिला शांतता प्रिय आहे ती'. चुकलं की डसणारी आणि हाक मारली की पावणारी. पाया पडायला, नवस बोलायला, घाबरायला आपल्या डोंगरावरची आपली देवी. राजाचा मोठा देव आमून नदीपलीकडे कर्नाकला होता, पण रोज उठून कामावर जाणाऱ्याला नजरेच्या टप्प्यातला देव लागतो.

काम आठ दिवस, मग दोन दिवस सुट्टी, असा दहा दिवसांचा आठवडा. कामाच्या दिवसांत बरेचदा डोंगराच्या खिंडीतल्या दगडी खोपटांत मुक्काम. टोळीचे दोन भाग, 'उजवी बाजू' आणि 'डावी बाजू', होडीतल्या वल्हेकऱ्यांसारखे. प्रत्येक बाजूला मुकादम, आणि लेखनिक सगळ्याची नोंद ठेवणार. तांब्याच्या छिन्न्या वजन करून द्यायच्या आणि वजन करून परत घ्यायच्या, कारण तांबं म्हणजे पैसा. वातीसुद्धा मोजून दिल्या जात. सकाळी किती जाळल्या, दुपारी किती, याचे हिशेब शिल्लक आहेत. पगार धान्यात, कारण नाणं अजून जन्माला यायचं होतं. साध्या कामगाराला महिन्याला चार पोती गहू आणि दीड पोतं जव. गव्हाची भाकर, जवाची बीअर. शिवाय मासे, भाजी, जळण, मातीची भांडी, आणि धोबीसुद्धा सरकारी. त्या काळच्या शेतकऱ्याच्या मानानं ही माणसं सुखवस्तू होती, हे मला कबूल केलं पाहिजे. चाबकाखाली पिचलेले गुलाम ही जी प्रतिमा सिनेमानं आपल्या डोक्यात बसवली आहे, ती इथे लागू पडत नाही. कसब असलेली, आपलं कसब काय मोलाचं आहे हे नीट ठाऊक असलेली आणि बऱ्यापैकी लिहिता-वाचता येणारी ही माणसं.

आणि त्यांनी किती लिहून ठेवलं आहे! पपायरस महाग, पण डोंगर फोडताना उडालेल्या चुनखडीच्या चिपा आणि फुटक्या मडक्यांची खापरं फुकट. शाळेच्या पाटीसारखी ती कुणीही उचलावी आणि लिहावं. लिपी थडग्यातल्या चित्रलिपीसारखी ठसठशीत नाही, तिचंच पळतं रूप. आपल्याकडे देवळावरचा लेख बाळबोधात आणि सावकाराचं खातं मोडीत असायचं, तसंच काहीसं. धोब्याकडे किती कपडे दिले, गाढव भाड्यानं घेऊन त्याचं भाडं कुणी बुडवलं, कुणी कुणाला भांडं उधार दिलं, प्रेमाची गाणी, शाळकरी पोरांनी गिरवलेले धडे, बदकांचा कळप हाकणारं मांजर असलं चित्र. वाचून झालं, हिशेब मिटला, की फेकून द्यायचं. त्यातलं बरंचसं गेलं त्या कोरड्या खड्ड्यात. पाणी न लागलेल्या त्या खड्ड्यातून फ्रेंच संशोधक बर्नार ब्रुयेर यांच्या पथकानं हजारो खापरं बाहेर काढली. १९२२ ते १९५१ अशी तीस वर्षं ते या वस्तीत उकरत होते. काळापुढे टिकावं म्हणून डोंगराच्या पोटात दडवलेली राजांची थडगी बहुतेक सगळी लुटली गेली, आणि केराच्या खड्ड्यात टाकलेलं गाढवाचं भाडं राहिलं.

पुढच्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये एका चिपेसाठी गेले. दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीतल्या ४० व्या वर्षाचं ते हजेरीपत्रक आहे. दीड-पावणेदोन वीत उंचीची चुनखडीची चीप, कडा वेड्यावाकड्या, दोन्ही बाजूंना लिखाण. रोझेटा शिलेपुढे गर्दी, ममींच्या दालनात शाळेच्या पोरांचा कल्ला, आणि इथे मी आणि लेक दोघीच. उजवीकडे खाली खाली नावं, सुमारे चाळीस माणसांची. प्रत्येकाच्या पुढे काळ्या शाईत तारखा, ज्या दिवशी तो आला नाही त्या. आणि त्या तारखांवर, बारीक लाल अक्षरांत, कारण.

म्हणजे खाडा आणि खाड्याचं कारण.

आजारी. डोळे आले. सेबा नावाच्या माणसाला विंचू चावला. कुणी आईचा मृतदेह गुंडाळायला राहिला. पेन्नुबची आई आजारी होती. कुणी सणासाठी बीअर गाळत होता. कुणाच्या बायकोची, कुणाच्या मुलीची पाळी होती म्हणून तो घरी राहिला. कुणाला लेखनिकानं आपल्या खाजगी कामाला, दगड वाहायला, धरून नेलं. पाहेरिपेजेत नावाचा एकजण वारंवार गैरहजर आहे, कारण तो औषधं करायचा; ज्याच्या त्याच्या घरी आजारपण काढायला त्यालाच बोलावत. लेकीनं मोबाईलवर भाषांतर उघडून एकेक नाव वाचलं आणि मी काचेतून त्या लाल अक्षरांकडे बघत राहिले. होरेमहेबच्या भिंतीवरची लाल रेघ आठवली. तिथे लाल रेघ काढणाऱ्याची, काळी दुरुस्ती करणाऱ्याची. इथे तारीख काळी आणि आयुष्य लाल. काचेवर माझ्या श्वासाचं धुकं धरलं तेव्हा मागे सरले.

पिरॅमिडांचंही असंच आहे, हे अलीकडे कळलं आहे. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जार्फ इथे पपायरसचे तुकडे सापडले. लिखाण असलेले याहून जुने पपायरस अजून मिळालेले नाहीत. त्यात खुफू राजाच्या काळातल्या मेरेर नावाच्या एका अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. चाळीसएक माणसांची टोळी घेऊन तो तुराच्या खाणीतला पांढराशुभ्र चुनखडीचा दगड होडीत भरायचा, नाईलमधून, कालव्यातून गिझाला पोचवायचा आणि रिकामी होडी घेऊन परत यायचा. आज दगड भरले, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, उद्या 'खुफूच्या क्षितिजाला' पोचलो. 'खुफूचं क्षितिज' हे त्या पिरॅमिडचं नाव. साडेचार हजार वर्षांपूर्वीची ती रोजनिशी ट्रकड्रायव्हरच्या वहीसारखी कोरडी आहे, आणि ती वाचल्यापासून पिरॅमिडचं चित्र पाहिलं की मला आधी होडी दिसते.

संपाबद्दल लिहायचं मी टाळत आले, पण ते टाळून चालणार नाही. तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं २९ वं वर्ष, इसवी सनापूर्वी ११५७ च्या सुमाराचं. धान्य यायला उशीर होऊ लागला. पेरेत, म्हणजे पेरणीच्या, ऋतूचा दुसरा महिना, दहावा दिवस. टोळीची माणसं हत्यारं टाकून चौक्या ओलांडून खाली उतरली आणि एका मंदिराच्या मागे जाऊन बसली. "आम्ही उपाशी आहोत, महिन्याचे १८ दिवस उलटून गेलेत." अधिकाऱ्यांनी समजावलं, शपथा घातल्या, पण ती हलली नाहीत. पुढच्या दिवसांत ती रामेसियमपर्यंत, दुसऱ्या रामसेसच्या मंदिरापर्यंत पोचली. तिथे ती म्हणाली, "भूक आणि तहान यांनी आम्हाला इथे आणलं. कपडा नाही, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. आमच्या मालकाला, फेरोला हे लिहून कळवा." ही सगळी हकीकत वस्तीचाच लेखनिक आमेननाख्त यानं लिहून ठेवली, आणि तो पपायरस आज इटलीत तुरिनच्या संग्रहालयात आहे. जगात लिखित पुरावा असलेला हा सर्वांत जुना संप मानतात. थकलेलं धान्य मिळालं. पुन्हा थकलं, पुन्हा ती बसली. ज्या राजाच्या काळात हे घडलं, त्याच्याच मेदिनेत हाबूच्या बाहेरच्या भिंतीवर सणावारांना देवाला किती भाकरी, किती बीअर वाहायची त्याची लांबच लांब यादी कोरलेली आहे. वस्तीपासून ती भिंत चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळच्या उन्हात ज्या अक्षरांनी मला वेड लावलं होतं, त्यांच्यात ही यादीही आहे, हे मला घरी आल्यावर समजलं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होते. अडीच लाख माणसं. भोंगे बंद पडले आणि आम्हाला शाळेला जायला उशीर होऊ लागला. आप्पा पहिले काही महिने मोर्च्यांना जात, येताना ताठ मानेनं येत. मग ते गॅलरीत बसू लागले. आईनं खानावळीचे डबे सुरू केले, मग तिच्या बांगड्या गेल्या. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. आप्पांना नंतर कामावर घेतलंच नाही. देर अल-मदिनाच्या लोकांना धान्य मिळालं हे वाचताना मला आनंद झाला, खरा आनंद, आणि त्याच क्षणी असूयाही वाटली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या उपाशी माणसांचा हेवा वाटावा, याची लाजही वाटली. हे तिन्ही अजून माझ्यात तसंच आहे.

त्या वस्तीतल्या एका म्हातारीला मात्र मी मनात जागा देऊन ठेवली आहे. नौनाख्ते तिचं नाव. पहिला नवरा तिच्याहून खूप थोर, वस्तीचा नामांकित लेखनिक, त्याचं अक्षर गिचमिड आणि पुस्तकसंग्रह मोठा. त्याच्या संग्रहात स्वप्नांचे अर्थ सांगणारा एक पपायरससुद्धा होता. दुसऱ्या नवऱ्यापासून तिला आठ मुलं झाली. पाचव्या रामसेसच्या तिसऱ्या वर्षी ती पंचांसमोर उभी राहिली आणि बोलली ते असं: मी फेरोच्या भूमीतली स्वतंत्र बाई आहे. ही आठ लेकरं मी वाढवली, संसाराला लागतं ते सगळं त्यांना दिलं. आता मी म्हातारी झाले आहे आणि ती माझ्याकडे बघत नाहीत. ज्यानं मला हात दिला त्याला माझं मिळेल, ज्यानं दिला नाही त्याला मिळणार नाही. मग एकेकाचं नाव घेऊन तिनं आपल्या वाट्यातून काहींना वगळलं, आणि एका मुलाला वरचढ म्हणून काशाचं तस्त दिलं. हा कागद ऑक्सफर्डला आहे. मी तो लेकीला मोठ्यानं वाचायला लावला, तिच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीच्या मधे मधे. वाचून झाल्यावर दोघी बराच वेळ गप्प होतो. माझ्या आईच्या नावावर तस्तही नव्हतं.

सेन्नेजेमच्या थडग्याचं राहिलं. दहा मिनिटांतली चार मी तिथे घालवली होती. वस्तीला लागूनच डोंगराच्या उतारावर या कामगारांनी स्वतःसाठी, सुट्टीच्या दिवसांत, एकमेकांना हात देत थडगी खोदली. सेन्नेजेमचं १८८६ साली न लुटलेलं सापडलं, कुटुंबातल्या वीस जणांसकट. खाली उतरायची वाट उभी, चिंचोळी, वाकून जायचं, आणि मग एकदम कमानीच्या छताची छोटीशी खोली, आपल्या चाळीतल्या खोलीएवढीच. सोनेरी पिवळ्या रंगानं ती आतून उजळल्यासारखी वाटते. दोन तासांपूर्वी रंगवून चित्रकार बाहेर गेला असावा असे रंग. समोरच्या आडव्या भिंतीवर त्यांचा स्वर्ग आहे, इयारूची शेतं. चारी बाजूंनी निळं पाणी, मधे उंच पीक, खाली फळांनी लगडलेली खजुराची झाडं. आणि त्या स्वर्गात सेन्नेजेम औत हाकतो आहे. पुढे ठिपक्याठिपक्यांचे दोन बैल, हातात चाबूक. मागे त्याची बायको इयनेफेर्ती टोपलीतून बी टाकत चालली आहे. दोघांच्या अंगावर पांढरीशुभ्र तलम वस्त्रं, सणाला नेसावीत तशी, आणि त्यावर मातीचा एक डाग नाही. आयुष्यभर भुयारात राजांचे स्वर्ग घडवणाऱ्यांतल्या या माणसानं स्वतःच्या वाट्याला आलेल्या स्वर्गात काय मागितलं, तर उघड्यावरचं काम, पाणी आणि बरोबर बायको.

आप्पा निवृत्त व्हायच्या वयाला आले तेव्हा म्हणायचे, "गावी जायचं, दोन बैल घ्यायचे." गेले नाहीत. जमीन भावकीत अडकली होती, आणि मग खोकल्यानं बाकीचं ठरवलं.

गेल्या दिवाळीत बहिणीनं माळ्यावरची त्यांची पत्र्याची ट्रंक काढली. गिरणीतलं पितळी तिकीट, त्यावर नंबर. युनियनच्या पावत्या. आणि कुठल्या कुठल्या दुकानांनी वाटलेल्या खिशातल्या डायऱ्या, एकीवर एक, दोऱ्यानं बांधलेल्या. आप्पा लिहीत असत हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. चौथी शिकलेले ते. पेन्सिलीनं, टपोऱ्या अक्षरांत, फक्त जिथे पगार कापला जाणार तिथेच लिहिलेलं. 'खा.' आणि पुढे कारण. 'खा. गावी, आई वारली.' 'खा. पाय सुजला.' 'खा. हिला दवाखान्यात.' 'खा. गणपती.' कोरी पानं, कोरी पानं, आणि मग १९७४ च्या जुलैमध्ये, 'खा. थोरलीला गोवर. रात्री झोपली नाही.' दुसऱ्या दिवशीही 'खा.' त्या पुढच्या दिवशीही. थोरली म्हणजे मी. मला तो गोवर आठवत नाही. तीन दिवसांचा पगार सोडून माझ्या उशाशी बसलेला माणूसही आठवत नाही. १९८२ ची डायरी उघडली तर १८ जानेवारीला एकच शब्द होता, 'संप.' त्यानंतर वर्षभरात एकही खाडा नाही.

बहीण १९७४ च्या त्याच पानावर परत आली. दोन पानांच्या मधे, शिवणीच्या दोऱ्यापाशी, कापसाचं तूस अडकलेलं होतं, करडं पडलेलं, नखाएवढं. तिनं सवयीनं डायरी उलटी करून झटकायला उचलली. मी तिचा हात धरला.